मागून हाक मारायची नाही

अन्याय झाला तो माझ्या वडिलांवर. नाव महादेव. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं माग चालवला. अन्याय झाला तो यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की सांगते, कारण डॉक्टरांच्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. त्या मिनिटाला एका छापील कागदावर निळ्या शाईनं लिहिलं गेलं: श्रवणशक्ती सामान्य. खाली सही, सहीवर शिक्का.

अन्याय करणारे तिघं. एक तो डॉक्टर, दुसरा कारखान्याचा मालक, तिसरी मी. तिघांपैकी फक्त माझंच नाव मला उघड लिहिता येतं, म्हणून लिहिते. मी सारिका.

मी पत्रकं लिहिते. पुण्यात कंत्राटी सफाई कामगारांचं काम करते, तिथे चार ओळींत मुद्दा मांडायची सवय लागली आहे. हे चार ओळींत बसत नाही. सोलापूर सोडून पुण्याला, मुंबईला, सुरतेला, आखातात गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आणि जे मागे राहिले, ज्यांच्या खिशात संध्याकाळी फोन वाजतो, त्यांच्यासाठीही.

आठ वर्षांपूर्वी मी पुण्याला निघाले ती सकाळ आधी सांगायला हवी. आईनं तळहातावर दही ठेवलं. आमच्या घरात एक रीत फार कडक होती. घराबाहेर पडणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही राहिलं असेल तर पळत पुढं जायचं, त्याच्या समोर उभं राहायचं, मग बोलायचं. आई अख्ख्या गल्लीला बजावत होती, "पोरगी निगालीय, मागनं कुनी आवाज देऊ नगा गं." गल्लीच्या टोकाला पोचते तोच आई अनवाणी पळत मला ओलांडून पुढं आली. हातात माझा चार्जर. धापा टाकत समोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोचलीस की आवाज दे."

स्टेशनवर अण्णा, माझे वडील, आले होते. मामानं हौसेनं बंद काचेच्या डब्याचं तिकीट काढून दिलेलं. मी आत, अण्णा प्लॅटफॉर्मवर. आजूबाजूचे सगळे काचेला तोंड लावून ओरडत होते, हातवारे करत होते, पलीकडच्यांना काही कळत नव्हतं. मी ओरडले नाही. नुसतेच ओठ हलवले. "आईला सांगा, मी रडले न्हाई." अण्णांनी मान हलवली आणि त्यांचे ओठ हलले. "सांगतो. पर तू रडलीस की."

मागवाल्यांच्या घरात वाढलेल्यांना हे थोडंफार येतं. कारखान्यात एका छपराखाली एवढे माग एकदम धडधडत असतात की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. धागा तुटला, धोटा अडकला, चहा आला, मुकादम आला, सगळं ओठांवरून आणि बोटांवरून चालतं. नवा माणूस कामाला आला की पहिल्या महिन्यात माग शिकतो आणि ओठ वाचायला शिकतो. अण्णा म्हणायचे, "मागावर गळा घरी ठिवून जायचं." शेजारच्या बाईनं डब्यात मला विचारलं, "तुमच्या वडिलांना कसं काय कळलं हो?" मला कुर्डुवाडी येईपर्यंत अभिमान पुरला.

आता ती काच आठवली की त्या अभिमानाची लाज वाटते.

पुण्यात मी कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत पाच जणी, डब्याला चव नाही, शिफ्ट संपली की कॅब. कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम होतं. रोज संध्याकाळी सात वाजता घरी फोन. आई स्पीकर लावायची, अण्णा शेजारी बसायचे, मी बोललेल्या प्रत्येक गोष्टीला अण्णांचं उत्तर थोडं उशिरा यायचं. मला वाटायचं, नेटवर्क.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर फोन अण्णाच घ्यायचे. साधा बटणांचा फोन. बोलणं कमी झालं, तेही मी समजून घेतलं. माणूस एकटा पडला की बोलतो कशाला? त्यांची तीन वाक्यं ठरलेली होती. "व्हय, मी बरा हाय." "तू जेवलीस का?" आणि शेवटी, "चांगलं हाय, तब्येतीला जप."

दोन वर्षांपूर्वी मी कंपनीतली नोकरी सोडली आणि सफाई कामगारांच्या संघटनेत पूर्णवेळ आले. ते सांगायला फोन केला. सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "चांगलं हाय, तब्येतीला जप." मी रडले. एका मागवाल्यानं आपल्या लेकीला लढायला परवानगी दिली! ही गोष्ट मी किती सभांमध्ये सांगितली असेल. एका पत्रकात छापलीसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ह्या जत्रेच्या आधीची दिवाळी झाली आणि कारखान्यात ते घडलं.

अण्णांच्या शेजारच्या मागावर नरसय्या काका. तेलुगू घरातले, बोलणं मात्र आमच्यापेक्षा झणझणीत सोलापुरी. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात आले. त्या दिवशी काकांचा हात मागात अडकला. सणानंतर निम्मे माग बंदच होते, त्यामुळे ते ओरडले ते लांबच्या मुकादमालाही ऐकू गेलं. अण्णांची त्यांच्याकडे पाठ होती, आणि अण्णांच्या हाताशी, अगदी एका पावलावर, तो माग बंद करायचा दांडा होता. अण्णा वळले नाहीत. लांबून मुकादम पळत आला तोवर काकांची दोन बोटं गेली.

मालकानं त्याच आठवड्यात अण्णांना काढलं. म्हणाला, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अण्णा दवाखान्यात काकांना भेटायला गेले तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "भावजी, वीस वर्सं माजी भाकरी खाल्ली तुमी. एक पाऊल टाकायचं हुतं." गल्लीतल्या लोकांनी अण्णांशी बोलणं तोडलं. पैशाचं आम्ही कसंही बघितलं असतं. पण मित्राची बोटं तुटताना हा माणूस पाठ करून उभा राहिला, हे अण्णांच्या नावाला चिकटलं. ते पुसायला एकच गोष्ट पुरेशी होती: मागाच्या आवाजानं ह्यांचे कान गेलेत, असा सरकारी दाखला. मी अर्ज केला. दोन महिन्यांनी तपासणीची तारीख आली. मी रजा टाकून सोलापूरला आले.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की अण्णांना थोडं कमी ऐकू येत असेल. वय झालं की येतंच.

तपासणीच्या खोलीत कान तपासायचं मशीन होतं, त्यावर चादर घातलेली. दुरुस्तीला माणूस आलेला नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, मी बोलून बघतो." ते अण्णांच्या समोर बसले. ट्यूबलाईट बरोबर त्यांच्या तोंडावर.

"काका, नाव?"

"महादेव."

"गाव कुठलं?"

"मूळचं मोडनिंबकडचं. आता हितलंच म्हना."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "कानात गुणगुण होते का?"

"न्हाई साहेब."

मग अगदी कुजबुजत, मलाही नीट ऐकू आलं नाही इतकं हळू, "सकाळी काय खाल्लं?"

"चुरमुऱ्याचा सुशीला खाल्ला साहेब. लेकीनं केलता. मीठ जरा जास्त हुतं." अण्णा माझ्याकडे बघून हसले.

डॉक्टर पण हसले. "काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत!" आणि त्यांनी पेन उचललं. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी काय केलं? भांडले? मी हुशार कार्यकर्ती, दोन पानांचा कायदा तोंडपाठ असलेली. मला हायसं वाटलं. बापाचे कान शाबूत आहेत म्हणून लेकीला बरं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, जो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. म्हणजे अण्णांनी ऐकलं होतं. ऐकून वळले नाहीत. घाबरले असतील, गोठले असतील, पण ऐकलं होतं. बाहेर रिक्षाची वाट बघताना मी मनातल्या मनात मालकाचं खरं धरलं. दुपारपर्यंत धरून ठेवलं.

तो विचार टाळायला म्हणूनच मी म्हणाले, "आण्णा, काम लवकर झालं. आज सोलापूर बघू. पाहुण्यासारखं." अण्णांनी मिश्या पुसल्या. "एकतीस वर्सं हितं ऱ्हायलो, आन आता पाव्हना?" पण खूश झाले. कारखाना, घर, बाजार, पुन्हा कारखाना. एवढंच सोलापूर त्यांनी बघितलेलं. दुसऱ्यांना अंथरायला, पांघरायला चादरी पाठवणाऱ्या ह्या शहरात चादर विणणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी फक्त झोप माहीत.

आधी जेवायला गेलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल, काळ्या मसाल्याचं मटण. वाढपी पन्नाशीचा माणूस, रश्श्याची बादली घेऊन अण्णांच्या मागे येऊन उभा राहिला. "मामा, रस्सा?" अण्णा भाकरी मोडत राहिले. "ओ मामा, रस्सा घालू का?" अण्णा भाकरी मोडत राहिले. वाढपी मला म्हणाला, "मामा जेवताना कुनाच्या बापाचं ऐकत न्हाईत!" मी हसले. अण्णांनी माझं हसणं बघून मान वर केली, वळून वाढप्याकडे बघितलं. "घाल की. विचारतोस काय, पाव्हना हाय मी." सगळे हसलो. मला वाटलं, खाण्यात गुंगलेत.

निघताना त्यांनी शेंगाचटणीची दोन पाकिटं घेतली. एक मला पुण्याला न्यायला. दुसरं कुणाला, हे मी विचारलं नाही. अण्णांच्या बाजारात दुसरं पाकीट वीस वर्षं नरसय्या काकांचंच असायचं.

भुईकोट किल्ल्यात ऊन होतं, पण झाडाखाली बरं वाटत होतं. अण्णांनी काळ्या बुरुजांवर हात फिरवून बघितला. "दगड बसवलाय बघ कसा. ताना-बान्यागत." शाळेची सहल आली होती, हिरवळीवर जोडपी बसली होती. आम्ही बाकावर बसलो. तीस-चाळीस पावलांवर एक जोडपं भांडत होतं. अण्णा त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, "ती म्हनतीया, तुज्या आईला सांग, मी गड्ड्यावरच बांगड्या भरल्यात, आता परत न्हाई भरनार."

"काहीतरीच, आण्णा."

"आगं खरं. आन त्यो म्हनतोय, मग तूच सांग. बग, आता ती पर्स फेकंल." तिनं खरोखरच पर्स आपटली.

मी पोट धरून हसले. आई गेल्यानंतर आम्ही दोघं असे हसलो नव्हतो. अण्णांनी मग सहलीच्या मास्तरांचं सांगितलं, माळ्याचं सांगितलं, सगळ्या बागेचं बोलणं त्यांनी मला आणून दिलं. आणि हसता हसता माझं हसू थांबलं. मी सत्तावीस वर्षांची आहे, माझे कान धडधाकट आहेत. मला त्या जोडप्याचा एक शब्द ऐकू आलेला नव्हता.

धूळ होती. इकडे आम्ही सगळ्याच मुली बाहेर पडताना बांधतो तसा मी स्कार्फ नाकातोंडावरून घट्ट बांधला. डोळे तेवढे उघडे. अण्णांच्या समोर, हाताच्या अंतरावर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आण्णा, पानी पायजे का?"

अण्णांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय, मी बरा हाय."

मी स्कार्फ सोडला नाही. पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं. "तू जेवलीस का?"

आत्ता तासाभरापूर्वी एका टेबलावर जेवलो होतो आम्ही.

तिथून सिद्धेश्वराचं देऊळ जवळ. तळ्यातून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मी मुद्दाम मागे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ती रीत मोडली. "आण्णा." ते चालत राहिले. "आण्णा, थांबा." शेजारून जाणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. मी ओरडले, "आण्णा, मी पडले!" अख्खी वाट थांबली. एक म्हातारा मला धरायला धावला. माझा बाप पाण्यातल्या माशांकडे बोट दाखवत, मी शेजारीच आहे असं समजून काहीतरी सांगत, पुढं पुढं चालला होता.

आमच्या घरात कुणी मागून हाक मारत नव्हतं. म्हणून मला कधी कळलं नव्हतं.

मी पळत त्यांना ओलांडलं, समोर उभी राहिले, स्कार्फ सोडला. "कवापासनं?"

कशाबद्दल, हे विचारायचं त्यांना कारण उरलं नाही. पायरीवर बसले. "तू पुन्याला जायच्या आदीच कमी झालतं. मग हळूहळू समदंच ग्येलं."

"आनि फोन?"

"तुजी आई ऐकायची, आन ओटानं मला सांगायची. ती ग्येल्यावर..." त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "हितं थरथरतंय न्हवं, ते कळतंय मला. सात वाजता थरथरलं की तू हाईस म्हनून कळतंय. बास की."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर मालकानं त्याच दिशी काडलं असतं. बहिऱ्याला मागावर कोन ठिवतंय? आन तू फोन बंद केला असतास."

मग मी ते विचारलं. विचारायला नको होतं असं मला अजूनही कधी कधी वाटतं. "आण्णा, मी कंपनीतली नोकरी सोडली, ते तुमाला ठाऊक हाय न्हवं?"

"कवा?"

"दोन वर्सं झाली. फोनवर सांगितलेलं. तुमी चांगलं हाय म्हनला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, एखादा तुटलेला धागा शोधावा तसे. "मग खातीस काय?" आणि मग पाण्याकडे बघत, "ऐकलं असतं तर न्हाईच म्हनलो असतो मी."

माझ्या दोन वर्षांच्या भाषणांखालची जमीन त्या पायरीवर गेली. पण ते माझं मी बघेन. मला त्या क्षणी दुसरंच दिसत होतं: दिवाळीनंतरचा तो दिवस, निम्मे बंद माग, पाठमोरे अण्णा, आणि मागून ओरडणारे नरसय्या काका. ज्या एका दिशेनं माझ्या बापापर्यंत काहीच पोचू शकत नाही, नेमक्या त्याच दिशेनं.

चार वाजता आम्ही पुन्हा तपासणीच्या खोलीत होतो. मी सगळं सांगितलं. ओठ वाचतात, मागावर सगळेच वाचतात, तुम्ही तोंड झाकून विचारा, मागे उभं राहून विचारा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. अण्णांकडे बघून विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणता?"

"न्हाई साहेब."

"मग आत्ता मी विचारलेलं कसं कळलं?"

अण्णांकडे उत्तर होतं, पण साहेबासमोर कुठून सुरुवात करायची ते त्यांना सुचेना. मी टेबलावरची फाईल उचलून डॉक्टरांच्या तोंडापुढं धरायला गेले. ते उठून उभे राहिले. "मॅडम, तपासणी झालेली आहे, सही झालेली आहे. हरकत असेल तर वर अर्ज करा. असली सोंगं घेणारे रोज येतात इथं." शेवटचं वाक्य त्यांनी शिपायाकडे वळून, खालच्या आवाजात म्हटलं.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "सोंग म्हनला न्हवं त्यो?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले, तेही त्यांच्या तोंडावर. त्यांना ते माझ्या ओठांपेक्षा आधी डोळ्यांत वाचता आलं असणार.

ऊन उतरल्यावर पार्क मैदानाजवळ, खाऊच्या गाड्यांच्या चौपाटीवर आम्ही भेळ खाल्ली, कारण पाहुण्यासारखं बघायचं ठरवलं होतं आणि अण्णा ठरलेलं मोडत नाहीत. गर्दी होती, गाड्यांवर कर्णे लागलेले, सगळे एकमेकांना ओरडून सांगत होते. त्या सगळ्या गोंगाटात अण्णा एकटेच शांतपणे खात होते. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. "जाऊ दे, सारिके. कागदावर तरी ऐकू येतंय की मला." आणि हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

घरी जाताना ते नरसय्या काकांच्या गल्लीशी थांबले. चटणीचं पाकीट हातात होतं. तो कागद मालकापर्यंत पोचायला चार दिवस लागले असते, गल्लीपर्यंत पाचवा. तोवर अजून वेळ होता. मी म्हणाले, "चला, मी सांगते त्यांना." अण्णा म्हणाले, "आन काय सांगशील? डागदरनं तर लिवलंय." पाकीट घेऊन परत फिरले. ते अजून आमच्या फळीवर आहे. फोडू देत नाहीत.

मी वर अर्ज केला आहे. मशीनवर तपासा, किंवा पाठीमागे उभं राहून बोला, एवढंच त्यात मागितलं आहे. पोच मिळाली आहे, तारीख नाही. काकांच्या घरी मी एकटी जाऊन आले. काकूंनी पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत. काका पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. मी स्कार्फ तोंडावर ओढून त्यांना विचारलं, "काका, हात दुखतो का?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बराय, बराय. तू कवा आलीस?" काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी उठले. त्यांच्या घराचं त्यांनी बघायचं आहे. मी फक्त स्कार्फ बांधून दाखवला.

पूर्वी माझ्यासाठी घर म्हणजे सात वाजताचा फोन होता. पुण्याच्या खोलीत दिवा घालवून, डोळे मिटून, अण्णांचा आवाज ऐकत पडायचे आणि वाटायचं, घरी आहे. तो आवाज माझ्याशी बोलतच नव्हता. खिशातल्या थरथरीशी बोलत होता. आता मी त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला आहे. फोन लावायच्या आधी मी खोलीतला दिवा लावते, खिडकीकडे तोंड करून बसते, केस मागे बांधते, हात तोंडाजवळ नेत नाही. नेटवर्क गेलं की माझं तोंड पडद्यावर अर्धवट उघडं राहतं आणि अण्णा तिकडे तशाच तोंडाकडे बघत थांबतात, पुढचा शब्द येईपर्यंत. एवढंच घर उरलंय. नोकरी सोडल्याबद्दल त्यांनी अजून होकार दिलेला नाही. निदान आता नकार तरी माझ्यापर्यंत पोचला आहे.

आता तुमच्याबद्दल. तुमचा बाप मागावर होता, गिरणीत होता, खडीच्या मशीनवर, बॉयलरवर, कुठल्याही धडधडीत राबला असेल आणि तुम्ही दूर बसून त्याला फोन करत असाल, तर मला तुमची सहानुभूती नको. हा महिना संपायच्या आत घरी जा. त्याला जेवायला बाहेर न्या, गाव दाखवा, हसवा. मग त्याला पुढं चालू द्या आणि आपल्या आयांनी शिकवलेली ती रीत एकदा मोडा. मागून हाक मारा. नेहमीच्या आवाजात, एकदाच.

वळला नाही, तर पळत पुढं जा, उजेडात समोर उभे राहा, त्याला सांगा, आणि जो कुणी त्याला तपासायला बसेल त्याच्या तोंडापुढं कागद धरा. मी फाईल उचलली होती, पण धरली नाही. तुम्ही धरा.